उन्हाळा, पाणी आणि पंपाचे बिल : छोट्या शहराचा हवामान कृती आराखडा कसा तयार करावा

अहमदाबादने उष्णतेचा कृती आराखडा २०१३ मध्ये केला, नागपूर शहराने २०१६ मध्ये. मुंबईचा मोठा हवामान कृती आराखडा, म्हणजे बदलत्या हवामानाला शहराने कसे तोंड द्यायचे याची लेखी योजना, मार्च २०२२ मध्ये आला. पण काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, उमरेड, कामठी या गावांवर मे महिन्यातला सूर्य नागपूरइतकाच तळपतो, आणि तिथल्या बहुतेकांना आपल्या गावाचा असा काही आराखडा असू शकतो हे ठाऊकच नसते. नगरपरिषदेत पर्यावरणाचा वेगळा कक्ष नसतो. पाणीपुरवठा पाहणारा अभियंताच अनेकदा रस्ते आणि बांधकामही पाहतो. सल्लागार नेमला तर दीडशे पानांचा अहवाल येतो, त्यात गावाचे नाव बदलले की तो दुसऱ्या कुठल्याही गावाला चालतो.

माझे मत स्पष्ट आहे. तीस-चाळीस हजार वस्तीच्या गावाने आधी दोन गोष्टी शोधाव्यात : ऊन आणि पाणी आपल्या माणसांना नेमके कुठे, कधी मारते आणि त्यातले काय थांबवणे नगरपरिषदेच्या सहीने शक्य आहे. एवढ्यावर उभा राहिलेला वीस पानी आराखडा पुरेसा आहे. तो कसा करायचा ते पुढे क्रमाने देत आहे.

जूनमध्ये गट, जानेवारीत मसुदा

कामाला पावसाच्या तोंडावर सुरुवात करावी. पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठे तुंबते ते डोळ्यांनी दिसते, हिवाळ्यात आकडेमोड होते आणि जानेवारीअखेर मसुदा तयार असला की फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकात कामे घालता येतात. मार्च-एप्रिलमध्ये जाग आली तर हातात फक्त पाणपोया उरतात.

गट आठ-दहा जणांचा असावा. पाणीपुरवठा अभियंता, स्वच्छता निरीक्षक, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील एक डॉक्टर, महावितरणचा कनिष्ठ अभियंता, दोन आशा सेविका, बचत गटातली एक बाई, कॉलेजातले भूगोलाचे किंवा विज्ञानाचे शिक्षक. आणि व्हॉल्व्हमन, म्हणजे भागाभागात नळाचे पाणी सोडणारा कर्मचारी. कोणत्या मोहल्ल्यात पाणी शेवटी पोचते, कुठे लोक थेट नळाला मोटर लावतात, कुठली पाइपलाइन सतत फुटते, हे गावात त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. अशा बैठकांना त्याला बोलावत नाहीत, ही मोठी चूक आहे.

हा गट सर्वसाधारण सभेच्या ठरावाने नेमून घ्या. ठरावात तीन वाक्ये हवीत : समन्वय अधिकारी कोण, कोणत्या विभागांनी माहिती द्यायची आणि मसुदा कोणत्या तारखेला सभेपुढे येणार. मुख्याधिकाऱ्यांची बदली होते, नगराध्यक्ष बदलतात. ठराव मात्र दप्तरात राहतो.

आणखी एक. राज्याचे 'माझी वसुंधरा अभियान' ऑक्टोबर २०२० पासून भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर चालते. तुमच्या नगरपरिषदेने त्यात भाग घेतला असेल तर झाडे, दिवे, कचरा, जलस्रोत यांची बरीच माहिती त्या फायलीत आधीच आहे. ती आधी मागून घ्या.

गावाची आठवण आणि दप्तर

आपल्या नागपूर जिल्ह्याला संकटांची आठवण नवी नाही. जुलै १९९१ मध्ये वर्धा नदीच्या पुराने मोवाडमध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली आणि गाव नव्या जागी वसवावे लागले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. उन्हाच्या बाजूने पाहिले तर २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. जुन्या माणसांना एकत्र बसवून अशा घटनांची यादी करा : कुठे पाणी चढले, कोणत्या वर्षी विहिरी आटल्या, कुणाच्या घरात उन्हाने माणूस गेला.

मग आठवण दप्तराशी ताडून पाहा. तापमानाची नोंद नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे मिळते. पाऊस महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांवर मोजला जातो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, असे किती दिवस आले ते वर्षवार मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते, तो तक्ता मागा. मात्र एकाच आकड्यावर भिस्त ठेवू नका. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ती बातमी देशभर गेली. नंतर हवामान विभागाने सेन्सरमध्ये दोष असल्याचे सांगितले.

सगळ्यात मोलाचे दप्तर नगरपरिषदेच्या स्वतःच्या कपाटात असते : मृत्यू नोंदणीचे. उन्हाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा नुसते वार्धक्य लिहिलेले असते. त्यामुळे 'उष्माघाताचे मृत्यू' या रकान्यात शून्य दिसते आणि सगळे निर्धास्त होतात. खरे चित्र पाहायचे तर गेल्या दहा वर्षांच्या मृत्यूंच्या फक्त तारखा, वय आणि प्रभाग घ्या. नावे घेऊ नका. चाळीस हजारांच्या गावात वर्षाला साधारण अडीचशे मृत्यू होतात, म्हणजे दिवसाला एकही पुरता नाही. म्हणून रोजचे आकडे काही सांगणार नाहीत. दहा-दहा दिवसांचे गट करा, दहाही वर्षांची बेरीज एकत्र करा आणि फेब्रुवारी-मार्चशी मे महिना व जूनचा पहिला आठवडा ताडून पाहा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत आकडा ठळक वर गेला असेल, तर तुमच्या आराखड्याचे पहिले पान तेच. रुग्णालयाची याच काळातली बाह्यरुग्ण नोंदवही सोबत ठेवली की चित्र अधिक पक्के होते.

दुपारी दोनला वॉर्डात फिरा

नगररचना विभागाकडून विकास योजनेचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या आणि गावात फिरून त्यावर चार रंगांनी खुणा करा : टिनाच्या छपरांची घरे, सावली नसलेले रस्ते आणि बाजार, पाणी तुंबणाऱ्या जागा, नळाचे पाणी सगळ्यांत शेवटी पोचणारा भाग. हे फिरणे दोनदा व्हावे, एकदा पाऊस येण्याआधीच्या तापलेल्या दुपारी दोन ते चार आणि एकदा जोराचा पाऊस चालू असताना. सकाळी नऊला फिरून नकाशा रंगवला तर त्यात खरे गाव दिसत नाही.

प्रत्येक वस्तीत दोन-तीन घरांत साधे तापमापक टांगा. भिंतीला टेकवू नका, ऊन लागू देऊ नका, छातीच्या उंचीवर ठेवा. नोंद दुपारी तीनला आणि रात्री दहाला घ्यायची. रात्रीची नोंद अधिक बोलते. दिवसभर तापलेला टिन आणि सिमेंट रात्री उष्णता घरात सोडत राहते, शरीराला सावरायला उसंत मिळत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हातारी माणसे कोसळतात. हे काम नववीच्या मुलामुलींना द्या, ती नेटाने करतात.

चारही रंग जिथे एकमेकांवर पडतात, ते दोन-तीन भाग निवडा. बहुतेक गावांत ती जुनी गरीब वस्ती असते किंवा नाल्यावर पडलेला एखादा अनधिकृत लेआऊट. पहिल्या दोन वर्षांचा पैसा तिथेच जायला हवा, मग ते भाग कुणाच्याही प्रभागात येवोत.

उन्हाचा भाग : गावाची स्वतःची धोक्याची रेषा

हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त झाले, किंवा थेट ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट म्हणतात. आता विदर्भात मे महिन्याची सरासरीच ४२-४३ अंशांच्या घरात आहे. म्हणजे सलग आठ दिवस ४४ अंश राहिले तरी कागदोपत्री लाट नसू शकते आणि बांधकामावरची बाई तेवढ्याच उन्हात घमेली उचलत असते. म्हणून गावाने स्वतःची रेषा ठरवावी. माझी सूचना अशी : सलग दोन दिवस ४३ अंश, किंवा रात्रीचे किमान तापमान ३० च्या वर, किंवा हवामान विभागाचा नारिंगी इशारा, यांतले जे आधी येईल ते. तुमच्या मृत्यू नोंदणीत आकडा याहून कमी तापमानाला वर जाताना दिसला तर रेषा खाली आणा.

रेषा ओलांडली की काय करायचे, ते नाव आणि वेळेसकट लिहा. 'जनजागृती करणे' असे वाक्य आराखड्यात येऊ देऊ नका. त्याने कुणावरच जबाबदारी येत नाही. त्याऐवजी असे लिहा : सफाई कामगारांची पाळी पहाटे साडेपाचला सुरू होऊन दहाला संपेल, जबाबदारी स्वच्छता निरीक्षकांची. नगरपरिषदेच्या ठेकेदाराची कामे दुपारी बारा ते चार बंद राहतील, ही अट निविदेतच असेल. उद्याने दुपारी कुलूपबंद राहणार नाहीत. पंखे, कूलर आणि पिण्याचे पाणी असलेली दोन सभागृहे किंवा समाजभवने अकरा ते पाच उघडी राहतील, किल्ली कोणाकडे तेही लिहायचे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी आशा सेविकांकडे असेल आणि रेषा ओलांडलेल्या प्रत्येक दिवशी त्यांच्या दारात एक फेरी होईल. या फेरीचा वेगळा मोबदला अंदाजपत्रकात असलाच पाहिजे. फुकट काम करायला लावून लोकांचे जीव वाचत नाहीत.

आठवडी बाजाराचा विचार वेगळा करा. विकणाऱ्या बाया सकाळी आठपासून सायंकाळपर्यंत उघड्यावर बसतात. बाजाराच्या जागेवर उंच हिरवी जाळी, दोन प्याऊ आणि महिलांसाठी स्वच्छतागृह हवे. स्वच्छतागृह नसले की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि ऊन लागण्याचे ते मोठे कारण आहे.

रुग्णालयात कोल्ड वॉर्डच्या (उष्माघाताच्या रुग्णांसाठी गार ठेवलेल्या कक्षाच्या) दोन-चार खाटा, बर्फ आणि ओआरएस १५ मार्चपर्यंत तयार असावे. गावातल्या प्रत्येक ऑटोवाल्याला, शिक्षकाला, दुकानदाराला एवढे ठाऊक हवे : अंग भट्टीसारखे तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. गार करणे आधी, दवाखान्यात नेणे त्याच्या बरोबरीने.

छपरे पांढरी करणे हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. स्लॅबवर चुन्याचा जाड हात किंवा टिनावर उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला की घरातले तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. चुना पावसात धुपतो, म्हणून दर मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. हे काम बचत गटांना ठेक्याने द्या. सुरुवात अंगणवाड्या, नगरपरिषदेच्या शाळा आणि निवडलेल्या वस्त्यांतल्या टिनाच्या घरांपासून करा.

पाणी : मे आणि ऑगस्ट एकत्र विचारात घ्या

विदर्भातला कूलर पाण्यावर चालतो. मोठा कूलर दिवसाला पाऊणशे-शंभर लिटर पाणी सहज घेतो. नळाची मागणी सर्वांत जास्त असते ती नेमकी जलस्रोत तळाला गेलेले असताना. त्यामुळे नवीन स्रोत शोधण्याआधी गळती मोजा. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून टाकीची पातळी संध्याकाळी आणि पहाटे नोंदवा. मधली घट म्हणजे टाकी व मुख्य वाहिनीतली गळती. मग एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडून हेच करा. जुन्या नळयोजनेत तीस-चाळीस टक्के पाणी वाटेत जाणे मुळीच नवलाचे नाही.

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात गावाची विहीर आणि बागायतदारांच्या बोअरवेल एकाच भूजलावर जगतात. तिथे नगरपरिषदेने एकटीने आराखडा करून भागणार नाही, शेजारच्या ग्रामपंचायती आणि शेतकरी यांच्यासह बसावे लागेल. पूर्वेकडे उमरेड-भिवापूरच्या बाजूला जुने तलाव आणि बोड्या (छोटी तळी) आहेत. त्यांचा गाळ काढण्याआधी पाणी येण्याचे मार्ग मोकळे आहेत का ते पाहा. लेआऊटने वाट अडवलेल्या तलावातून कितीही गाळ काढला तरी तो भरत नाही.

छताच्या पाण्याचे गणित सोपे आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छतावरून वाया जाणारे वगळून सत्तर हजार लिटरहून अधिक पाणी मिळते. नगरपरिषदेची इमारत, शाळा, मंगल कार्यालये येथे ते विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडा. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे शोषखड्डा मुरुमाच्या थरापर्यंत खोल न्यावा लागतो, नाहीतर तो पहिल्या पावसातच भरून बसतो.

पुरासाठी तीन नियम आराखड्यात घाला आणि त्यांवर अडून राहा. नाल्याच्या पात्रात आणि जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या पूररेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत एकही परवानगी नाही. रस्त्याचा जुना थर खरडल्याशिवाय नवा थर नाही. सिमेंट रस्ते घरांच्या जोत्याहून उंच होत गेले आणि थोड्या पावसात पाणी घरात शिरू लागले, हे नागपुरात लोकांनी फार सोसले आहे. आणि झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) किंवा सिमेंटने बुजवायची नाही.

कार्बनचा हिशेब आधी स्वतःच्या बिलांतून

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात १,९८० मेगावॉटचे संच धूर सोडतात, त्यावर उमरेडची किंवा सावनेरची नगरपरिषद काही करू शकत नाही. संपूर्ण गावाच्या उत्सर्जनाची बारीक मोजदाद करण्यात वर्ष घालवू नका. नगरपरिषदेचा स्वतःचा हिशेब एका आठवड्यात होतो. बारा महिन्यांची वीजबिले आणि डिझेलच्या पावत्या काढा. विजेच्या प्रत्येक युनिटला ०.७ किलो आणि डिझेलच्या लिटरला २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा.

उदाहरण घेऊ. ५० अश्वशक्तीचा पंप रोज बारा तास चालला तर वर्षाला सुमारे १ लाख ६३ हजार युनिट जळतात, म्हणजे जवळपास ११४ टन. बिलांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत जाड बिले बहुधा पाणीपुरवठा आणि पथदिव्यांचीच असतात. जुना पंप चाळीस-पन्नास टक्के कार्यक्षमतेने चालत असेल आणि सत्तर टक्क्यांचा बसवला, तर तेवढ्याच पाण्याला वीज एक-तृतीयांशाच्या आसपास कमी लागते. गळती थांबली की पंपाचे तासच घटतात. मग उरलेल्या विजेसाठी सौर पॅनेल. एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते आणि साधारण शंभर चौरस फूट जागा घेते. हा क्रम उलटा करू नये : गळती, पंप, मग सौर. आधी सौर बसवले तर गळणाऱ्या पाण्यासाठी महागडी पॅनेल घेतल्यासारखे होते.

घरांसाठी 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटच्या पॅनेलला ७८ हजार रुपये अनुदान आहे. नगरपरिषदेने महिन्यातून एक दिवस महावितरणच्या माणसाला बसवून अर्ज भरून घेतले तरी मोठे काम होईल.

कचऱ्याबाबत थोडक्यात. ओला कचरा साधारण निम्मा असतो, डेपोत कुजला की मिथेन सोडतो आणि तो वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट घातक आहे. घंटागाडीत ओला-सुका वेगळा येत नसेल तर खतप्रकल्पाच्या शेडवर पैसे घालू नका; आधी एका प्रभागात सहा महिने वर्गीकरण पक्के करा. वाहतुकीत छोट्या गावाच्या हाती फारसे नसते. शाळेपर्यंत सावलीचा पायी रस्ता आणि सायकलला जागा, एवढे करा.

झाडे कडुनिंब, करंज, पिंपळ, उंबर, चिंच, जांभूळ, अर्जुन अशी लावा. संख्येचे लक्ष्य ठेवू नका. पहिल्या चांगल्या पावसानंतर पंधरा दिवसांत लावलेली आणि तीन उन्हाळे पाणी मिळालेली तीनशे झाडे, कागदावरच्या दहा हजारांहून गावाला जास्त सावली देतात. देखभालीचा ठेका तीन वर्षांचा करा आणि शेवटचा हप्ता जिवंत झाडे मोजूनच द्या.

पैसा कुठून

प्रत्येक कामापुढे लेखाशीर्ष (पैसा कोणत्या खात्यातून येणार ते) लिहिल्याशिवाय आराखडा सभेपुढे नेऊ नका. पाणी, गळती आणि तलावांसाठी केंद्राची अमृत २.० योजना चालू असेल तर ती पाहा. त्यात सर्व शहरे येतात, छोटीसुद्धा. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी तरतूद असते. उमरेड, सावनेर, रामटेकच्या बाजूला कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी आहेत, तेव्हा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी मागता येतो. पिण्याचे पाणी, आरोग्य आणि पर्यावरण हे त्याचे प्राधान्याचे विषय आहेत. खाणीची धूळ आणि खालावलेल्या विहिरी ज्या गावांनी सोसल्या, त्यांनी हा पैसा हक्काने मागावा. तांत्रिक मदतीसाठी फार लांब जावे लागत नाही : नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था), महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र (उपग्रह चित्रांवर काम करणारी संस्था) हे सगळे नागपुरातच आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून तुमच्या गावाचा उष्णता नकाशा मागा.

छपरे, आशांचा मोबदला, प्याऊ, तापमापक ही छोटी कामे मात्र नगरपरिषदेच्या स्वतःच्या निधीतून करा. बाहेरचा पैसा उशिरा येतो आणि मे कुणासाठी थांबत नाही.

लिहिणे आणि तपासणे

मुख्य आराखडा वीस पानांचा, सोप्या मराठीत. त्याशिवाय प्रत्येक प्रभागासाठी एक पान : त्या भागातली धोक्याची ठिकाणे, गारव्याची जागा, जबाबदार माणसाचे पद आणि दूरध्वनी. हे पान रेशन दुकान, अंगणवाडी आणि दवाखान्यात लावा. मसुदा वाचायला महिनाभर खुला ठेवा, आणि सूचना घ्यायला संध्याकाळी वस्तीत जा. मजुरीवर जाणारी माणसे दुपारी नगरपरिषदेच्या सभागृहात येऊ शकत नाहीत.

तपासणी वर्षातून दोनदा ठेवा. पहिली जूनअखेर : रेषा किती दिवस ओलांडली, त्यांतल्या किती दिवशी आशांची फेरी झाली, समाजभवन खरोखर उघडे होते का, मृत्यू नोंदणीतला मे महिन्याचा आकडा काय. दुसरी ऑक्टोबरअखेर : कुठे पाणी शिरले, विहिरींची पातळी किती, लावलेल्यांपैकी किती झाडे तगली, पंपाचे युनिट गेल्या वर्षीपेक्षा किती घटले. दोन्ही तक्ते सर्वसाधारण सभेच्या कार्यवृत्तात नोंदवून घ्या आणि न झालेल्या प्रत्येक कामापुढे कारण व नवी तारीख लिहून घ्या. ऑक्टोबरचा तक्ता हातात आला की पुढच्या अंदाजपत्रकाची मागणी नोव्हेंबरमध्येच लेखा विभागाकडे देता येते.